फोटोवरून कुत्र्या-मांजराचं चित्र: आधी माप, मग डोळे, केस सगळ्यात शेवटी

"केस अगदी हुबेहूब उतरलेत, पण हा आमचा मोत्या वाटत नाही," असं मालकाने म्हटलं की चित्रकार पुन्हा केसांनाच भिडतो. दोष तिथे क्वचितच असतो. तो फोटोत असतो किंवा पहिल्या तासातल्या मापात, आणि पुढचे पंधरा तास तो केसांखाली झाकला जातो एवढंच. म्हणून इथे केसांची पाळी उशिरा येईल. उदाहरणाला ए-४ कागदावर पेन्सिलीने काढायचं कुत्र्याचं तोंड घेतलं आहे. मांजर, बैल, वाघ यांचं वेगळेपण जागोजागी येईलच.

फोटो कसा हवा

घरोघरी फोटो एकाच पद्धतीने निघतो: माणूस उभा, कुत्रं खाली, मोबाईल त्याच्या नाकाशी. वरून काढल्यामुळे कपाळ मोठं आणि पाय आखूड दिसतात. जवळून काढल्यामुळे नाक फुगतं. किती फुगतं याचा हिशोब करून बघा. लांब तोंडाच्या कुत्र्याच्या नाकापासून डोळ्यापर्यंत साधारण १० सेंमी धरले आणि मोबाईल नाकापासून ३० सेंमीवर असला, तर डोळे ४० सेंमीवर जातात. म्हणजे नाक डोळ्यांच्या मानाने तिसऱ्या हिश्श्याने मोठं उमटतं. तोच फोटो दोन मीटरवरून काढला तर फरक जेमतेम ५ टक्के राहतो. तेव्हा दोन मीटर मागे सरकायचं, दोन-तीन पट झूम करायचा आणि सरळ जमिनीवर बसून लेन्स प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीला आणायची. फुगलेल्या नाकाचा फोटो कितीही इमानाने उतरवला तरी कागदावर फुगलेलंच नाक येणार.

फ्लॅश बंद. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला उजेड परतवणारा एक थर असतो. त्यामुळे फ्लॅशमध्ये डोळे हिरवे-पिवळे पेटतात आणि बाहुली कुठे संपते, बुबुळ कुठे सुरू होतं, काही कळत नाही. प्राण्याला खिडकीच्या किंवा बाल्कनीच्या कडेला असं बसवा की उजेड एकाच बाजूने पडेल. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये इथे एक अडचण असते ती ग्रिलची. थेट ऊन आलं की ग्रिलच्या पट्ट्या तोंडावर पडतात, आणि चित्रात त्या प्राण्याच्या अंगावरच्या खुणा वाटतात. पावसाळ्यातली ढगाळ दुपार यासाठी फार चांगली. सावल्या मऊ पडतात आणि केसांची दिशा अंगभर वाचता येते. टेकडीवर फिरायला नेता तेव्हा फोटो काढणार असाल तर सकाळी ऊन तिरपं आहे तोवर काढा. डोक्यावर ऊन आलं की कपाळाची सावली डोळ्यांत उतरते आणि डोळ्यांची नुसती दोन भोकं होतात.

काळ्या कुत्र्याचा फोटो काढताना स्क्रीनवर कुत्र्यावर बोट टेकवून उजेड थोडा वाढवा. मागची भिंत पांढरीफटक झाली तरी चालेल, केसांतला तपशील दिसला पाहिजे. पांढऱ्या मांजराला याच्या उलट: उजेड कमी करा, नाहीतर छातीवरचे केस कोऱ्या कागदासारखे दिसतात आणि जे फोटोत नाही ते काढायला तुम्ही अंदाज मारू लागता.

फोटो दुसऱ्याकडून येणार असेल तर व्हॉट्सॲपवर साधा न मागवता 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. साधा पाठवला की त्याचा आकार घटतो आणि बारीक तपशील पुसला जातो. आलेला फोटो चालेल की नाही हे ठरवायची एक झटपट चाचणी आहे. फोटो मोठा करून वरच्या पापणीची कड आणि नाकपुडीची कड वेगवेगळ्या ओळखता येतात का ते पाहा. येत नसतील तर दुसरा मागा. ॲपमध्ये घालून 'क्लिअर' करून घेतलेल्या फोटोवर विसंबू नका. ते ॲप केस मनाने भरतं, आणि ते केस कुठल्याच कुत्र्याचे नसतात.

सेल्फी आली तर आधी ती उलटी नाही ना, ते विचारा. काही मोबाईलमध्ये समोरच्या कॅमेऱ्याचा फोटो आरशासारखा सेव्ह होतो. नसबंदी केलेल्या भटक्या कुत्र्यांच्या एका कानाला खूण म्हणून खाच पाडलेली असते, आणि पुण्यात घरी आणलेल्या कितीतरी गावठी कुत्र्यांना ती दिसते. फोटो उलटा असेल तर खाच भलत्या कानाला जाते, आणि मालकाच्या नजरेला हीच चूक सगळ्यात आधी पडते. ती खाच 'सुधारून' कान पुरा करायचा मोहही आवरा. त्या कुत्र्याची ओळख तिच्यात आहे.

प्राणी हयात नसेल तर आहेत तेवढेच फोटो. अशा वेळी आठ-दहा मागवून घ्या आणि त्यातला एकच मुख्य ठरवा. बाह्यरेषा, उजेड आणि डोक्याचा कोन फक्त मुख्य फोटोतून घ्यायचा. बाकीच्यांकडून रंग, ठिपके, छातीवरचा भोवरा, पट्ट्याची जागा अशी माहिती घ्यायची. एका फोटोतले डोळे आणि दुसऱ्यातलं तोंड जोडलं की कोन जुळत नाहीत. एका डोळ्यात चमक डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे आली तर नजर तिरळी दिसते.

वाघ, बिबट्या किंवा चितळ काढायचं असेल तर कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात स्वतः जाऊन फोटो काढता येतात. प्राणी लांब असतात, त्यामुळे मोबाईलपेक्षा लांब लेन्सचा कॅमेरा बरा. वाघाचा फोटो मांडणीसाठी उलटा करू नका. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि एकाच वाघाच्या डाव्या-उजव्या बाजूचे पट्टेही सारखे नसतात. फोटो उलटवला की तो दुसराच वाघ होतो.

इंटरनेटवरून उचललेल्या फोटोवरून सराव करणं वेगळं आणि त्याचं चित्र विकणं वेगळं. भारतात १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोही कलाकृतीच आहे, म्हणून छायाचित्रकाराची परवानगी घ्या. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे काही अटींवर सगळ्यांना वापरायला दिलेल्या, फोटोंत 'बीवाय' असेल तर नाव द्यावं लागतं, 'एनसी' असेल तर धंद्यासाठी वापरता येत नाही. 'एनडी' असेल तर त्यावरून केलेलं चित्र प्रसिद्धही करता येत नाही.

सामान

फार लागत नाही. २०० ते ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) गुळगुळीत कागद घ्या. खरखरीत कागदावर बारीक केस तुटक उमटतात. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात कागद हाताळून घेता येतो, पण जूनमध्ये वह्या-पुस्तकांच्या झुंबडीत ते विसरा. पेन्सिली एचबी, २बी, ४बी, ६बी (बीचा आकडा मोठा तितकं शिसं मऊ आणि गडद) आणि एक चारकोल पेन्सिल. कणकेसारखं मळता येणारं खोडरबर हवंच, सोबत पेनासारखं बारीक टोकाचं एक रबर. मऊ केसांचा जुना ब्रश. आणि शाई संपलेलं बॉलपेनचं रिफील, टाकून देऊ नका. ते कशाला, ते मिशांपाशी येईल.

माप

इथे घाई करणारा पुढे पस्तावतो. फोटोची प्रिंट काढून तिच्यावर चौकटी आखायच्या, त्याच चौकटी कागदावर मोठ्या करायच्या आणि एकेक चौकट उतरवायची. मोबाईलचा फोटो बहुधा ४:३ प्रमाणात असतो आणि ४×६ इंची प्रिंट ३:२ प्रमाणात. काही न सांगता प्रिंट दिली तर उभा फोटो बाजूंनी आणि आडवा फोटो वरून-खालून कापला जातो, आणि बहुतेक वेळा जातात ते कान. 'न कापता, कडेला पांढरं सोडून' असं लॅबमध्ये सांगा.

आता आकडे. प्रिंटवर १०×१५ सेंमीची चौकट आखा. ती दुप्पट केली तर २०×३० सेंमी होते, आणि ए-४ कागद २१×२९.७ सेंमीचा असतो. म्हणजे तीन मिलिमीटरने हुकलं. हे नेमकं कान काढून झाल्यावर कळतं. म्हणून १.८ पट घ्या: चित्र १८×२७ सेंमी, दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंमी कोरं, वर-खाली १.३५. प्रिंटवर १ सेंमीच्या चौकटी, कागदावर १.८ सेंमीच्या. आडव्या ओळींना क, ख, ग आणि उभ्यांना १, २, ३ असे क्रमांक द्या, नाहीतर अर्ध्या वाटेत एक ओळ चुकते आणि हनुवटी खाली घसरते. डोळे आणि नाक ज्या चौकटींत आहेत त्यांचे आणखी चार-चार भाग करा, प्रिंटवर अर्धा सेंमी, कागदावर ०.९.

रेघा एचबीने, हात अगदी हलका ठेवून. पुष्कळ जण रेघ फिकट यावी म्हणून २एच घेतात. कडक शिसं कागदात चर पाडतं, त्या चरात नंतरचं शिसं उतरत नाही, आणि शेवटी कुत्र्याच्या कपाळावर पांढरी जाळी उमटते. ती कशानेही जात नाही.

चौकटींतून उतरवताना 'हा कान आहे' असं मनात आणू नका. या चौकटीत रेघ डाव्या कडेला कुठे शिरते आणि वरच्या कडेतून कुठे निघते, एवढंच पाहा. आकृती झाली की चौकटी विसरून पट्टीने सहा अंतरं ताडून घ्या: दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधलं, प्रत्येक डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून नाकाच्या वरच्या कडेपर्यंतचं, नाकाची रुंदी, नाकाच्या खालून हनुवटीपर्यंतचं आणि दोन्ही कानांच्या मुळांमधलं. प्रिंटवर डोळ्यांमधलं अंतर २.१ सेंमी असेल तर कागदावर ३.८ आलं पाहिजे. डोळ्यांच्या आसपास दोन मिलिमीटरची चूकही चालत नाही, कानाच्या टोकाला चालते. मग चित्राचा फोटो काढून मोबाईलवर आरशासारखा उलटा करून बघा. तोंड एका बाजूला झुकलेलं असेल तर लगेच कळतं.

एवढं झाल्यावर मळता येणारं रबर नुसतं टेकवून चौकटी उचला. घासू नका.

डोळे

डोळे आधी पुरे करा, म्हणजे त्यावरून बाकीच्या चित्राचा गडदपणा ठरतो. डावखुरे नसाल तर डावा डोळा आधी, म्हणजे हात काढलेल्या भागावर येत नाही.

चमकेची जागा पहिल्यांदा बारीक रेघेने राखून ठेवा. ती कोऱ्या कागदाची असते, मागाहून पांढऱ्या पेनाने आणलेली चमक चिकटवल्यासारखी दिसते. ती गोल असेलच असं नाही. खिडकीशी काढलेल्या फोटोत ती बहुधा चौकोनी असते, त्यात ग्रिलही दिसतं. ग्रिल काढायचं कारण नाही, आकार मात्र फोटोतलाच ठेवा. मग बाहुली चारकोलने. ग्राफाइटचे, म्हणजे साध्या पेन्सिलीच्या शिशाचे, थर चढवून काळं करायला गेलात तर ते तिरप्या उजेडात चकाकतं आणि बाहुली करडी दिसते. चारकोल आधी, ग्राफाइट नंतर, कारण चोपड्या ग्राफाइटवर चारकोल बसत नाही.

बुबुळ वर गडद आणि खाली येताना फिकं होत जातं. वरच्या पापणीची सावली बुबुळाच्या वरच्या तिसऱ्या भागावर पडते, तिथे २बी, ४बी. चमकेच्या समोरच्या बाजूला, म्हणजे चमक वर डावीकडे असेल तर खाली उजवीकडे, बुबुळ सर्वांत फिकं. ही सावली वगळली की डोळा काचेच्या गोटीसारखा बटबटीत दिसतो. खालच्या पापणीच्या कडेला ओलसर उजळ रेघ असते, केसाएवढी. आतल्या कोपऱ्यात छोटा गडद त्रिकोण. कुत्र्याचा पांढरा भाग कोपऱ्यात जेवढा दिसतो तेवढाच ठेवा, आणि तोही करडा. अंमळ जास्त पांढरा झाला की कुत्रं घाबरलेलं दिसतं.

मांजराची बाहुली भर उजेडात उभी चीर असते आणि अंधारात जवळजवळ गोल. दोन फोटोंतल्या दोन बाहुल्या मिसळू नका. बाजूने बघताना मांजराच्या बुबुळापुढचा पारदर्शक फुगवटा दिसतो, तो काढला नाही तर डोळा सपाट होतो. बैल, शेळी, घोडा यांची बाहुली आडवी लांबट. पोळ्याला सजवलेल्या खिल्लार बैलाच्या गडद डोळ्यात ती सहज दिसत नाही, म्हणून गोल काढली जाते आणि बैलाला माणसाची नजर येते.

नाक लवकर आटपतं. ते काळं भोर नसतं, वरच्या बाजूवर आकाशाचा उजेड असतो, तिथे एचबीच पुरे. गडद फक्त नाकपुड्या आणि मधली चीर. नाकपुडी स्वल्पविरामासारखी, शेपूट बाहेरच्या बाजूला.

मिशा

केसांना हात लावायच्या आधी मिशा. पांढऱ्या मिशा गडद तोंडावर हव्या असतील तर कोरडं रिफील घेऊन मुळापासून टोकाकडे एका झटक्यात दाबून ओढा आणि टोकाशी दाब सोडा. कागदावर चर पडतो, त्यावरून नंतर पेन्सिल फिरली की मिशी पांढरीच राहते. कागद बिघडवणारा चर इथे कामाला येतो. पण माप पक्कं झाल्याशिवाय ओढू नका, चर पुसता येत नाही. रिफीलमध्ये शाई खरंच संपली आहे ना, ते आधी रद्दी कागदावर बघा. आणि शिसं चढवताना पेन्सिल आडवी धरा. टोकदार पेन्सिल चरात शिरली तर मिशी काळी होते. मिशा ओठांवरच्या ठिपक्यांच्या ओळींतून निघतात, कुठूनही नाही.

केस

ट्रेसिंग पेपर चित्रावर ठेवून आधी फक्त बाण काढा. केस नाकावरून मागे जातात, डोळ्यांभोवती सूर्यकिरणांसारखे फाकतात, गालावर खाली वळतात, छातीवर दोन्हीकडून येऊन मध्ये भोवरा होतो. हा नकाशा शेजारी ठेवा. लांबीही लिहा: या मापाच्या चित्रात नाकावर मिलिमीटर-दीड मिलिमीटर, कपाळावर तीन-चार, गालावर सहा-सात, मानेवर पंधरापर्यंत. सगळीकडे एकाच लांबीचे केस काढले की कुत्रं पायपुसण्यासारखं दिसतं.

क्रम असा. एचबीचा पातळ थर केसांच्या दिशेने, मग ब्रशने हलकं पसरवणं. त्यात केस न काढता २बीने सावल्या ठेवा: कानाखाली, जबड्याखाली, मानेच्या वळीत. इथे चित्र लांबून बघा. डोळे अर्धे मिटल्यावर तोंडाला गोलाई दिसत नसेल तर केसांनी ती येणार नाही. मग ४बीने गडद फटी. फिकट केस काढायचे नसतात, त्यांच्यामधली जागा गडद करायची असते. फटी इंग्रजी व्हीसारख्या, दोन-चार केसांचा झुपका एका टोकाला मिळतो तिथे. शेवटी मळता येणाऱ्या रबराची चिमटीत धार काढून काही झुपक्यांवरून ओढा आणि त्यांच्या मुळाशी पुन्हा एकदा गडद. प्रत्येक ओढ मुळापासून टोकाकडे आणि टोकाशी हात उचललेला. हात वळेना तर कागद फिरवा. रेघ जाड पडू लागली की टोक करा, 'एवढा भाग संपवून' म्हटलं की तेवढाच भाग रखरखीत दिसतो.

काळं कुत्रं काढताना काळा रंग फार थोड्या ठिकाणी लागतो. चकाकत्या काळ्या केसांवर खिडकीचा उजेड पडून पाठीवर, कपाळावर करडे पट्टे येतात. ते राखले नाहीत तर नुसती सावली उरते. पांढऱ्या मांजराला उलट त्रास: बाहेरची कड रेघेने काढली की चित्र कार्टून होतं. मागे मध्यम करडी पार्श्वभूमी द्या आणि ती आतल्या बाजूला केसांच्या दिशेने कातरा, मांजराची कड आपोआप तयार होते.

एप्रिल-मेमध्ये घामाचा हात कागदावर टेकतो आणि तिथे शिसं डागासारखं चढतं. हाताखाली कोरा कागद ठेवा, तो सरकवू नका, उचलून ठेवा.

शेवटचे हात

फिक्सेटिव्ह (शिसं कागदावर पक्कं धरून ठेवणारा स्प्रे) मारण्याआधी मालकाला दाखवा, कारण नंतर रबर नीट चालत नाही. विचारताना "कसं वाटतंय?" असं विचारू नका, चित्र हातात आलं की माणूस छानच म्हणतो. "पट्टा कुठल्या बाजूने दिसतो? हनुवटीवरचे पांढरे केस एवढेच आहेत का? कान असाच पडतो का?" असं एकेक विचारा. कानाचा दुमड, भुवईवरचा ठिपका अशा चुका यातच सापडतात.

मग बाल्कनीत, चित्र उभं ठेवून, ३० सेंमीवरून दोन-तीन पातळ हात. प्रत्येक हात वाळू द्या. जवळून एकदम मारला तर थेंबांचे डाग पडतात. पावसाची झड चालू असताना मारू नका, दमट हवेत पांढुरकं पटल धरतं. फ्रेम करताना काचेला आणि कागदाला मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, असू द्या. त्याखाली चित्राची चारही बाजूंनी अर्धा सेंमी कड जाते, म्हणून सही कोपऱ्यापासून किमान एक सेंमी आत करा. काच कागदाला टेकली तर शिसं काचेला लागतं, आणि जुलैत ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगलं तर दिवाळीपर्यंत मागून बुरशीचे ठिपके दिसू लागतात.